साभार परत कोण पाठवणार?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून निघालेली आणि अख्ख्या महाराष्ट्रानं वाचलेली मासिकं मोजायला बसलं, तर सुरुवातीला एकाही कॉलेजचं नाव येत नाही. एक मासिक नांगराच्या कारखान्यातून निघालं, दुसरं पाठशाळेतून. विद्यापीठाच्या छायेतल्या वाङ्मयीन नियतकालिकांचा आढावा घ्यायचा, तर ही थोडी अडचणीची गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी.

कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलवला. ती जागा तेव्हा औंध संस्थानात होती, आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचा माल आणि कारखान्याच्या बातम्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचाव्यात, एवढाच मूळ हेतू. बघता बघता त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’नं छापले. ‘गोट्या’कार ना. धों. ताम्हनकर किर्लोस्करवाडीतच नोकरीला होते. शंकरराव शिकलेले चित्रकार, त्यामुळे मासिक दिसायलाही देखणं. फाळ आणि रहाट विकणाऱ्या वसाहतीत बायकांच्या हक्कांवर वाद झडत होते, हे आज सांगितलं तर विद्यार्थ्यांना खरं वाटत नाही.

दुसरं वाईचं. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी उभी केलेली प्राज्ञपाठशाळा धर्मकोशाच्या कामासाठी ओळखली जाते. त्या पाठशाळेच्या वर्तुळातलं ‘नवभारत’ १९४७ मध्ये सुरू झालं. त्याच्या संपादकांत इस्लामपूरचे आचार्य जावडेकर होते, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, पुढे बराच काळ मे. पुं. रेगे होते. ‘नवभारत’ चाळून संपणारा अंक कधीच नव्हता. रेग्यांचा लेख दोनदा वाचावा लागे, आणि दुसऱ्यांदा वाचूनही पटला नाही तर संपादकांना पत्र लिहावं लागे. पण वाईसारख्या तालुक्याच्या गावातून तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि समीक्षा यांचं मासिक चालू शकतं, हे त्यानं दाखवून दिलं. औंधला पंडित सातवळेकरांचं स्वाध्याय मंडळ होतं, त्यांचं ‘पुरुषार्थ’ मासिक होतं. त्याचा वाचक वेगळा, म्हणून इथे नुसता उल्लेख.

मग विद्यापीठ आलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि सातारा-सांगलीची कॉलेजं त्याला जोडली गेली. त्यातली काही कॉलेजं विद्यापीठापेक्षा वयानं मोठी आहेत. सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं. ते आधी मुंबई, मग पुणे आणि शेवटी कोल्हापूर अशा तीन विद्यापीठांच्या हाताखालून गेलेलं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये काढलं, कराडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ मध्ये. अशा कॉलेजांत वाङ्मय मंडळं होती, भित्तिपत्रिका होत्या आणि वर्षाकाठी एक छापील अंक होता. विद्यापीठीय नियतकालिकाचं या भागातलं खरं मूळ या वार्षिक अंकात आहे. पुढे त्याला एक भावंड आलं, संशोधन पत्रिका. आज चित्र असं की धाकट्याला मान आहे आणि थोरल्याला कोणी विचारत नाही. माझं मत उलटं आहे. का, ते सांगतो.

वार्षिक अंक ज्यानं कधी हातात घेतला नाही असा पदवीधर या भागात सापडणं कठीण. गुळगुळीत मुखपृष्ठ, आत संस्थापकांचा फोटो, प्राचार्यांचं मनोगत, संपादकीय, मग मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग, शेवटी अहवाल. एनसीसी, एनएसएस, क्रीडा, गुणवंतांचे पासपोर्ट फोटो, निवृत्त शिपाईमामांचा सत्कार. अगदी तळाशी ‘या अंकातील मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही’ ही ओळ. ती वाचून मला नेहमी हसू येतं, कारण असहमत व्हावं असं काही आत क्वचितच असतं. शिवाजी विद्यापीठ या अंकांची दरवर्षी स्पर्धा घेतं, बक्षिसं देतं, आणि ही चांगली प्रथा आहे. मात्र बक्षिसाच्या ओढीनं मुखपृष्ठं जेवढी सुधारली तेवढा आतला मजकूर सुधारला नाही.

तरी मी तो मजकूर वाचतो. आईवरच्या कविता, बापाच्या घामावरच्या कविता, पावसावरच्या कविता, ‘मोबाइल: शाप की वरदान’ हे सगळं ओलांडलं की मधेच एखादं पान येतं जे दुसरीकडे कुठेही छापलं गेलं नसतं. ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलगी कोपीत अभ्यास कसा केला ते लिहिते. तासगाव भागातला मुलगा बेदाण्याच्या शेडवर रात्रपाळीला गंधकाची धुरी कशी देतात हे इतकं बारकाईनं लिहितो की कृषी अधिकाऱ्यानंही वाचावं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले. पण पाणी उतरल्यावर घरात शिरणाऱ्याला पहिल्यांदा वास येतो, भिंत नंतर दिसते, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनाच सुचतं. चांगलं लिहिलेलं असतं असं नाही. पहिला परिच्छेद बहुधा फळ्यावरच्या निबंधासारखा, शेवटचा उपदेशाचा. मधले चार परिच्छेद तेवढे त्याचे स्वतःचे.

इथे संपादकाचं काम सुरू व्हायला हवं. पहिला आणि शेवटचा परिच्छेद काढून टाक, मधला वाढव, पुन्हा लिहून आण, एवढं म्हणणारा कोणी हवा. जुन्या मराठी संपादकीय व्यवहारात यासाठी दोन शब्दांची चिठ्ठी होती: ‘साभार परत’. ज्याला ती आली नाही असा त्या पिढीचा लेखक नसेल. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहीत राहिले, कथा परत पाठवत राहिले, पुन्हा मागवत राहिले. कवठेमहांकाळकडच्या मळणगावचे चारुता सागर ‘सत्यकथा’तून पुढे आले ते या व्यवहारातून. त्यांच्या ‘दर्शन’ या कथेचा पुढे २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटाला आधार झाला. नकार देणाऱ्या माणसानं आधी नीट वाचलेलं असतं. वार्षिक अंकात नकार नसतो. आलं ते बसवायचं, जागा उरली तर सुविचार घालायचे.

माझीही एक कविता अशी छापून आली होती. कॉलेजचं नाव सांगत नाही. शेवटच्या चार ओळी पानात मावल्या नाहीत म्हणून गळाल्या, आणि कविता तिथेच संपते असं समजून लोकांनी कौतुक केलं. सरांना विचारलं तर म्हणाले, “अरे, तशीच बरी वाटते.” तेव्हा राग आला. आता वाटतं, सर बरोबर होते. पण ते छापण्याआधी सांगितलं असतं तर मी काहीतरी शिकलो असतो.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातली मुलं घरी जी मराठी बोलतात ती अंकात येत नाही. ‘व्हतं’चं ‘होते’ करून घेतलं जातं, आणि ते करणारा शिक्षकही बहुधा त्याच गावकडचा असतो. व्यंकटेश माडगूळकर, गदिमा, शंकरराव खरात ही सगळी आटपाडी तालुक्याची माणसं, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्याचे. यांतले खरात वकील झाले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गदिमा मॅट्रिकला अडकले, अण्णा भाऊ शाळेत टिकलेच नाहीत. या मातीतल्या बोलीला साहित्यात जागा मिळवून देणाऱ्यांपैकी बहुतेकांना कॉलेजनं घडवलं नाही, आणि ज्यांना कॉलेज मिळालं त्यांच्या अंकातून ती बोली धुऊन निघते. हा काव्यगत न्याय नव्हे, नुसतं मुद्रितशोधन आहे. जतच्या पूर्वेकडच्या गावांत तर घरची भाषा कन्नड. विलिंग्डनमध्ये एकेकाळी वि. कृ. गोकाक आणि रं. श्री. मुगळी शिकवत होते. गोकाकांना पुढे ज्ञानपीठ मिळालं, मुगळींच्या कन्नड साहित्येतिहासाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे कन्नड वाङ्मयाचा एक मोठा कोपरा सांगलीच्या विश्रामबागेत लिहिला गेला. आजच्या किती वार्षिक अंकांत कन्नडची चार पानं असतात, हे ज्यानं त्यानं आपल्या कॉलेजचा अंक उघडून पाहावं.

आता धाकट्या भावंडाकडे. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या मराठीच्या प्राध्यापकांचा संघ आहे, त्यांची ‘शिविम संशोधन पत्रिका’ आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतले अध्यापक तिच्यात लिहितात. अशा पत्रिकेचा उपयोग मला मान्य आहे. पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांना कराडच्या एखाद्या कवीचा संग्रह किंवा विट्याकडची एखादी लोकपरंपरा फारशी महत्त्वाची वाटत नाही. इथल्या अभ्यासकाला वाटते, आणि ती नोंदवायला जागा लागते. सांगलीच्या तारा भवाळकरांनी लोकसंस्कृती, स्त्रियांच्या ओव्या आणि मराठी नाटकाची जडणघडण यांवर जे काम केलं ते अशाच स्थानिक साधनांवर उभं आहे. त्या २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. आणि त्यांचं लेखन गृहिणीलाही वाचता येतं. संशोधन वाचनीय असू नये असा नियम कुठल्याही विद्यापीठानं केलेला नाही, तरी बरेचजण तो पाळतात.

बिघाड झाला तो पत्रिकांच्या बाहेर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची मोजणी आणली. शोधनिबंध म्हणजे गुण, गुण म्हणजे वेतनश्रेणी. लिहिण्यासारखं काही असो वा नसो, निबंध हवाच. मागणी आली तसा पुरवठा झाला. एका दिवसाचं चर्चासत्र, त्याच दिवशी चारशे पानांचा विशेषांक, मागे आयएसएसएन क्रमांक आणि आत पैसे भरल्याची पावती, असा धंदा देशभर बोकाळला. आयोगानं २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी काढली, तर त्या यादीतच नको ते घुसलं. मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ नावं काढावी लागली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी २०१९ मध्ये आली. काही जुनी मराठी वाङ्मयीन नियतकालिकं या यादीत गेली आणि त्यांच्या टेबलावर अचानक शोधनिबंधांचे गठ्ठे येऊ लागले. चांगल्या पत्रिकांची नावं चोरून बनावट पत्रिकाही निघाल्या. २०२२ च्या नियमांनी पीएचडीच्या विद्यार्थ्याला शोधनिबंध छापण्याची सक्ती उरली नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं ‘केअर’ यादीच बंद केली. कुठली पत्रिका चांगली हे आता ज्या त्या संस्थेनं ठरवायचं आहे.

या पंधरा वर्षांत मराठी शोधनिबंधाचं एक ठरीव रूप तयार झालं. ‘अमुक यांच्या कादंबरीतील ग्रामीण जीवनाचे चित्रण: एक अभ्यास’. आधी प्रस्तावना, मग लेखकाचा परिचय, मग कथानक, मग ‘शोषण’, ‘दारिद्र्य’, ‘अंधश्रद्धा’ अशा उपशीर्षकांखाली उतारे, शेवटी क्रमांक घातलेले निष्कर्ष. कादंबरीचं नाव बदललं तरी निष्कर्ष बदलावे लागत नाहीत. म. द. हातकणंगलेकर विलिंग्डनमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि मराठीत समीक्षा लिहायचे. २००८ च्या सांगलीच्या ८१व्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचं लेखन या साच्यात बसत नाही, कथाकार जी. ए. कुलकर्णींचा त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार तर नाहीच नाही. पण दोन माणसं कथेविषयी किती गंभीरपणे बोलू शकतात हे त्या पत्रांतून जेवढं कळतं तेवढं शंभर निष्कर्षांतून कळत नाही.

वार्षिक अंक थोरला का म्हणतो, त्याचं उत्तर इथे आहे. अंकातल्या मुलीला कसलेही गुण मिळत नाहीत. तिचं नाव आणि वर्ग छापला जातो, बस. तिच्याकडे खोटं लिहायला कारण नसतं. असलीच तर सवय असते, आणि सवय मोडता येते.

पैशाचं गणित या सगळ्याखाली आहे. ‘किर्लोस्कर’ जाहिरातींवर आणि खपावर चाललं, म्हणून त्याला वाचक सांभाळावा लागला. ‘नवभारत’ वर्गणीदारांवर, देणगीवर आणि थोड्या माणसांच्या निष्ठेवर. वाङ्मयीन नियतकालिकांना राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं अनुदान असतं, पण त्या पैशात कागद आणि छपाई भागली तरी पुष्कळ. कॉलेजच्या अंकाचं मात्र वेगळं. प्रवेशाच्या पावतीवर ‘नियतकालिक शुल्क’ अशी एक ओळ असते. म्हणजे प्रत्येक विद्यार्थी वर्गणीदार आहे, तोही आगाऊ पैसे भरलेला. एखाद्या मोठ्या कॉलेजच्या अंकाला जेवढे सक्तीचे वर्गणीदार असतात तेवढे खुशीचे वर्गणीदार कित्येक नामांकित मराठी मासिकांना कधी लाभले नाहीत. आणि सक्तीचा वर्गणीदार तक्रार करत नाही. अंक परीक्षा संपल्यावर येतो, तोवर मुलं गावी गेलेली असतात, गठ्ठे ग्रंथालयाच्या माडीवर जातात.

त्या गठ्ठ्यांचं पुढे काय होतं हा मला सर्वांत काळजीचा भाग वाटतो. दाते, काळे आणि बर्वे यांनी १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांची सूची करून ठेवली, म्हणून जुन्या मासिकांचा माग लागतो. कॉलेजच्या अंकांची अशी सूची नाही. विलिंग्डनचे शंभर वर्षांचे, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचे पाऊणशे वर्षांचे अंक सलग लावले, तर दोन जिल्ह्यांतल्या तरुणांनी काय लिहिलं, कोणत्या साली कोणाची नक्कल केली, मुली कधीपासून नावानिशी लिहू लागल्या, दुष्काळ कविता कधी झाला आणि घोषणा कधी, हे सगळं दिसेल. पीएचडीचे चार विषय त्यात सहज आहेत. पण कागद फार वाट पाहत नाही. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. तिथली जुनी, दुर्मीळ पुस्तकं परत कुठून आणणार? नदीकाठच्या गावात तळमजल्यावर अंक ठेवायचा आणि एकच प्रत ठेवायची, हा जुगार आहे. विद्यापीठानं स्पर्धेसाठी आलेल्या प्रत्येक अंकाची स्कॅन केलेली प्रत आणि लेखकवार सूची ठेवली, तर बक्षिसापेक्षा मोठं काम होईल. त्याला फार पैसे लागत नाहीत. एक स्कॅनर, दोन ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं आणि ग्रंथपालाची चिकाटी पुरे.

साताऱ्यात आता नवा डाव मांडला आहे. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय या रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे. ९९वं साहित्य संमेलनही साताऱ्याचं, २०२६ च्या जानेवारीतलं, आणि अध्यक्ष विश्वास पाटील, म्हणजे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याचे, नेर्ल्याचे. नव्या विद्यापीठाची पत्रिका निघेल तेव्हा तिची पहिली बैठक होईल, सल्लागार मंडळावर मोठी नावं येतील, आयएसएसएन क्रमांकाचा अर्ज जाईल. माझी मागणी लहान आहे. मराठी विभागातल्या एका अध्यापकाचे आठवड्याचे दोन तास कमी करावेत आणि ते मुलांचं लेखन वाचण्यासाठी द्यावेत. सत्तर कविता येतील, त्यातल्या साठ परत जातील, पण प्रत्येकीबरोबर तीन ओळींचं पत्र जाईल.

अडचण एवढीच की साठ कविता वाचून त्या परत पाठवण्याचं काम बढतीच्या अर्जात संशोधनाच्या रकान्यात बसत नाही. त्याच आठवड्यात त्या अध्यापकानं ‘अमुक यांच्या कवितेतील ग्रामीण जीवन’ लिहून टाकलं, तर ते बसतं.